घरच्या घरी राक्षस: स्वस्तातल्या वेशभूषेचे अनुभव

लेक दुसरीत आहे. वेशभूषा स्पर्धेची चिठ्ठी आली तेव्हा शेतकरी, भाजीवाला, लोकमान्य टिळक असं सगळं सुचवून झालं, पण त्याला राक्षसच व्हायचं होतं. भाड्याचा पोशाख ५०० रुपये, वर अनामत रक्कम, शिवाय तो अंगाला ढगळ. म्हणून घरीच करायला घेतला.

टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची शिंगं कोरली. आदल्या रात्री त्यांवर सोनेरी स्प्रे मारला आणि डोळ्यांदेखत त्यांना खड्डे पडायला लागले. स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल विरघळवतं हे मला तेव्हा कळलं. थर्माकोलला साधा पोस्टर कलरच बरा. रात्री साडेदहाला जुन्या लग्नपत्रिकांचे दोन शंकू वळले, आत वर्तमानपत्राचे बोळे ठासले, बुडाला चिरा देऊन पाकळ्या उलगडल्या आणि ते हेअरबँडवर चिकटवले. वरून फेव्हिकॉल लावून सुतळी गुंडाळली. त्या वेढ्यांमुळे शिंगांना खऱ्या शिंगांसारखी वळी आली. अंगात काळा टीशर्ट, त्यावर जुन्या साडीच्या चिंध्या टाचलेल्या. एकूण खर्च ६० रुपये.

तुम्ही कुणी असे राक्षस, दैत्य, भुतं घरी केली असतील तर इथे लिहा. काय फसलं तेही लिहा, त्याचा उपयोग जास्त होतो.

*

आम्ही म्हापशाचे. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यावर नरकासुराचे कागदी पुतळे उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. त्यामुळे लहानपणापासून आमचे हात खळीत बुडालेले! तीच पद्धत मुलाच्या मुखवट्याला वापरली.

खळ अशी: एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, एकंदर पाच वाट्या पाणी. मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन चमक आली की उतरवायची. मातीचा साचा करून त्याला खोबरेल तेलाचा हात द्यायचा म्हणजे मुखवटा अलगद सुटतो. कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते, ती एकमेकीत मुरते आणि जोड दिसत नाही. एक थर साध्या पानांचा, पुढचा रंगीत पुरवणीचा, म्हणजे कुठे लागलं नि कुठे राहिलं ते कळतं. पाच थर पुरे.

वाळवायला मात्र कडक उन्हात दोन दिवस हवेतच. एकदा भाच्यासाठी पावसाळ्यात केला आणि दमट असतानाच रंगवला. आठवड्यात आतून बुरशी धरली, टाकून द्यावा लागला. आणखी एक, खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे. पोराच्या तोंडावर चढणाऱ्या वस्तूत मोरचूद अजिबात घालू नका, ते विष आहे.

*

जुनी मोडकी छत्री टाकू नका. मधोमध कापली की दोन पंख, काड्यांसकट! काड्यांच्या टोकांना कापूस लावून चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर शेजारच्या मुलाच्या डोळ्यात जाते.

*

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. शिमग्यात खेळ्यांबरोबर, म्हणजे घरोघर नाचत येणाऱ्या मंडळींबरोबर, संकासुर यायचा. अंगभर काळा, निमुळती उंच काळी टोपी तोंडावरून खाली उतरलेली, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. नुसती घुंगरं वाजली तरी आम्ही आजीच्या पदराआड. मुलगी डोंबिवलीत वाढलेली, तिने तो एकदाच पाहिला आणि मला म्हणाली, "आई, मी तोच होणार."

टोपी आणि अंगरखा माझ्या दोन जुन्या काळ्या परकरांतून निघाला. टोपीच्या आत पुठ्ठ्याचा शंकू. दाढीला आधी काथ्या लावून पाहिला, तर पंधरा मिनिटांत तिची हनुवटी लाल झाली. मग सुतळीचे हातभर तुकडे केले, पीळ सोडवला, पाण्यातून काढून जुन्या फणीने विंचरले, पांढऱ्या पोस्टर कलरच्या पातळ पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातले. वाळल्यावर पुन्हा विंचरल्यावर दाढी सुटी, हलकी झाली. डोळ्यांपुढे जाळीचं कापड लावलं. घुंगरं तिच्या कथकच्या क्लासची.

रंगमंचावर ती काही बोलली नाही, फक्त उड्या मारून घुंगरं वाजवली. दारात उभे असलेले शाळेचे शिपाईकाका चिपळूणकडचे. त्यांनी हात जोडले. बक्षीस नाही मिळालं, पण तो फोटो मी आईला गुहागरला पाठवला.

*

मी बालवाडीत शिकवते. पालकांना कळकळीची विनंती, तोंड पूर्ण झाकू नका. मुखवट्यात घाम येतो, श्वास कोंडतो, आणि माइकसमोर आलेलं मूल रडायला लागतं. मुखवटा कपाळावर टोपीसारखा ठेवा, चेहरा रंगवा. पोस्टर कलरने नको. कोल्ड क्रीम आणि कॉर्नफ्लोअर सारखं घेऊन त्यात खायचा रंग थेंबभर, आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. पोशाख घालून मुलाला घरात चालायला, बसायला, जिना उतरायला लावा. आणि शू करता येईल असा शिवा! दरवर्षी दोन-तीन मुलं टाचण्या नि गाठींमुळे शेवटच्या क्षणी अडकतात, त्यांचे चेहरे मला बघवत नाहीत.

*

आम्ही न्यू जर्सीत. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, गारठा असतो, त्यामुळे जाकीट आत घालता येईल एवढं माप ठेवा. मी खोक्याचा राक्षस केला. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे कापून पाठीला खवले, हिरवा रंग. अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून पाठीवर चमकणारी पट्टी लावली.

*

नखांसाठी माझं एक. मेहंदीचे रिकामे कोन धुऊन काळे रंगवले आणि हातमोज्यांच्या बोटांना टाके घातले. धाकटीला मात्र ते नको होते. तिला किराणा दुकानात मिळतात त्या तळायच्या पिवळ्या नळ्याच बोटांत हव्या होत्या. दहा घालून दिल्या. तिचं नाव पुकारलं तेव्हा सहा उरल्या होत्या.