मदत हवी आहे: इपॉक्सी फ्लोअरला पावसाळ्यात फुगे

लातूर एमआयडीसीतला डाळ पॅकिंगचा हॉल, 1,800 चौरस फूट. 6 इंच एम-25 ग्रेडचं काँक्रीट, खाली मुरूम, त्याखाली काळी माती. ओल अडवायला काँक्रीटखाली प्लॅस्टिक अंथरलेलं नाही, खरी गोम तिथेच असावी. वर प्राइमर (पकड देणारा पहिला हात) आणि 2 मिमी सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सी (ओतल्यावर आपोआप सपाट होणारा रेझिनचा थर).

उन्हाळा नीट गेला. ऑगस्टमध्ये रुपयाएवढे फुगे आले. एक फोडला तर आत चिकट पाणी. पापुद्र्याच्या पाठीला सिमेंटची भुकटी. फुगे कापून, डायमंड ग्राइंडर मारून पुन्हा प्राइमर-इपॉक्सी भरलं. महिन्यात शेजारी नवे. ओल तपासायला उघड्या काँक्रीटवर दीड फुटी प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून 16 तास ठेवलं, खाली थेंब. पाइप तपासले, गळती नाही.

हॅन्ड पॅलेट ट्रक रोज चालतो. हॉल फार तर 4 दिवस बंद ठेवता येईल, त्यामुळे काँक्रीट फोडून नवं करा हा सल्ला नको.

आता सगळं खरवडून ओल अडवणाऱ्या इपॉक्सी प्राइमरचे दोन हात देऊन वर पुन्हा 2 मिमी करावं, की सरळ 6 मिमी पीयू काँक्रीट (पॉलियुरेथेन आणि सिमेंटचा थर)? आणि पीयू केलं तर थराच्या कडा धरून ठेवायला कडेच्या व जॉइंटलगतच्या खाचा किती खोल-रुंद पाडायच्या?