मदत हवी आहे: लेकीला सहाव्या पसंतीची शाळा मिळाली, अपील करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही लंडनमध्ये राहतो. १ मार्चच्या संध्याकाळी सेकंडरी शाळा (अकराव्या वर्षापासूनची) कोणती मिळाली, त्याची ईमेल आली. ऑक्टोबरात फॉर्मात सहा शाळा लिहिल्या होत्या, मिळाली सहावी. दोन बस बदलून जायची. लेक काहीच बोलली नाही, नुसती वरणभात चिवडत बसली. जिवलग मैत्रिणीला आमची पहिली पसंती मिळालीय, तेच तिला जास्त लागलंय.

मिळालेली जागा स्वीकारलीय. त्यामुळे वरच्या पसंतीच्या शाळांच्या वेटिंग लिस्टवरचा नंबर जात नाही, हे माहीत आहे. पण त्या शाळेच्या जवळ राहणारं कुणी नव्यानं आलं की तो खालीही सरकतो. जीव नुसता टांगणीला लागलाय.

अपील करावं का? प्रवास लांबचा, एवढंच कारण अपील ऐकणाऱ्या पॅनेलपुढे टिकतं का? सुनावणीला कुणी गेलं असेल तर कोणते कागद जोडले, ते सांगा. आणि सप्टेंबरपर्यंत मुलांना कसं सावरलंत, तेही.