गावाचे दोन ग्रुप झाले, ग्रामसभा ओसच राहिली

पायवाट:
29 वर्षं नोकरीपायी बाहेर काढून 2021 साली गावी राहायला आलो. तेव्हा गावाचा व्हॉट्सॲपवर एकच ग्रुप होता. नळाला पाणी कधी सुटणार, कोणाची गाय सुटली, कोण वारलं, सगळं त्यावर यायचं. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली आणि ग्रुपवर भांडणं लागली. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली आणि ग्रुपचेच दोन तुकडे झाले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या एका म्हातारीच्या मौतीला निम्मं गाव आलं नाही. राग म्हणून नव्हे, त्यांना कळलंच नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला दोनेकशे माणूस होतं. लगेच ग्रामसभा होती. सुरू झाली तेव्हा मी मोजलं, 37. कायद्यानं मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी असेल तो आकडा भरावा लागतो. आमचे मतदार 1,800 च्या आसपास, म्हणजे शंभर माणूस हवं. ते भरलं नाही, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पुढच्या आठवड्यात 11 जण बसले आणि सगळे ठराव मंजूर झाले. त्यात एक ठराव ओढ्याकाठचं गायरान सौर प्रकल्पाला द्यायला हरकत नसल्याचा होता. त्याच रात्री टीव्हीवरच्या एका चर्चेवरून दोन्ही ग्रुपवर तीनशेच्या वर मेसेज पडले. गायरानावर एकही नव्हता.

मुंबईत कोण बसलं, दिल्लीत कोण पडलं, यावर आपण जीव तोडून भांडतो. तिथं आपलं मत पाच वर्षांतून एकदा, लाखातलं एक. ग्रामसभेत ते 37 मधलं एक होतं, आणि ते द्यायला आपण थांबलो नाही. मला यात सरकारपेक्षा आपला, गावकऱ्यांचा दोष जास्त दिसतो. तुमचं मत सांगा.

कोरडवाहू:
तुमचं दुःख कळतं, पण दोष चुकीच्या माणसाला देताय. 15 ऑगस्टला आमच्याकडे खुरपणी आणि फवारणी एकदमच अंगावर येते. पावसानं दोन दिवस उघडीप दिली तर मी सभेत बसू की सोयाबीन वाचवू?

आणि बसून होतं काय ते सांगतो. 2022 ला आमच्या शिवारातल्या पाणंद रस्त्याचा ठराव मीच मांडला. एकमतानं झाला, विकास आराखड्यात चढला. पैसा आला नाही. विचारलं तर भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणाले, 15 व्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आहे, उरलेल्या 40 टक्क्यांत अंगणवाडीची दुरुस्ती आधी. मग आम्ही पंधरा जण गाडी करून आमदारांकडे गेलो. 2515 मधून, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या त्या नंबरच्या निधीतून, चार महिन्यांत काम मंजूर. आता सांगा, माणूस पुढच्या वेळी कुठे जाईल? एका आमदाराचा वर्षाचा स्थानिक विकास निधीच 5 कोटींचा. आमच्या पंचायतीची घरपट्टी शिपायाच्या पगाराला पुरत नाही. लोक वर बघतात कारण पैसा वरून येतो. तो आळस नाही, अनुभव आहे.

पायवाट:
पैशाचं म्हणणं खरं आहे, त्यावर वाद घालत नाही. पण एक विचारतो. त्या 2515 च्या रस्त्याची जाडी कोणी मोजली? अंदाजपत्रक गावात कोणी पाहिलं? आमच्याकडे असाच एक रस्ता झाला. दुसऱ्या पावसाळ्यात खडी वर आली. तक्रार कोणाकडे करायची, तर ज्यांनी दिला त्यांच्याकडेच. ग्रामसभेत मागताना आपण गावचे मतदार असतो. गाडी करून गेलो की मागणारे होतो, आणि मागणाऱ्याला मोजमाप विचारता येत नाही.

कोरडवाहू:
रस्ता आमचाही उखडलाय. पण दोन वर्षं बैलगाडी चिखलात रुतली नाही, हेही धरा.

वस्तीवरची:
पायवाटकाका, तुमच्या लिहिण्यात 'आपण' हा शब्द फार वेळा आलाय. मी त्या 'आपण'मध्ये कधी नव्हते म्हणून लिहिते.

आमच्या गावात ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरते. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी, आणि आमच्या वस्तीचे लोक सतरंजीच्याही मागे, पाराच्या कडेला उभे. कोणी उभं करत नाही, सगळे आपोआपच तिथं उभे राहतात. वस्तीतले निम्मे लोक पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांच्या शेतात कामाला जातात. विकास सोसायटीचा चेअरमनही तिथंच बसलेला. अशा ठिकाणी हात वर करणं सोपं नसतं. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत गावाचा आदर्श नाकारला आणि व्यक्तीला राज्यघटनेचा केंद्रबिंदू धरलं, ते काही गावाचा राग म्हणून नव्हे. गावात कोणाचा आवाज चालतो हे त्यांना ठाऊक होतं.

आम्हाला राखीव जागा मिळाल्या त्या ग्रामसभेच्या ठरावानं नाही, 73 व्या घटनादुरुस्तीनं. ॲट्रॉसिटीचा कायदा 1989 साली दिल्लीत झाला. तो आमच्या गावाच्या मतावर सोडला असता तर कधीच झाला नसता. म्हणून माझे वडील दिल्लीची बातमी रोज ऐकायचे. तुम्हाला ती टीव्हीची करमणूक वाटते. आमच्यासाठी गावाच्या वर आणखी कोणीतरी आहे, हा धीर होता आणि आहे.

रात्रीचं_पाणी:
ताईंच्या मुद्द्यावर मी काही बोलण्याच्या लायकीचा नाही, तो वाचून गप्प झालो. मी सौरचं बोलतो. आमच्याही गावात असाच ठराव झाला आणि मी त्याच्या बाजूनं होतो. कृषी पंपाची लाईट रात्रीच्या पाळीला आली की बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं. माझ्या चुलत्याला गव्हाच्या वाफ्यात साप चावला, तालुक्याला नेईपर्यंत संपलं. दिवसा वीज मिळणार असेल तर गायरानाचा तुकडा गेला तरी चालेल, असं मला अजूनही वाटतं. 11 जणांनी केलेला ठराव म्हणजे वाईटच ठराव, असं धरून चालू नका.

पायवाट:
तुमच्या चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. ठराव वाईट आहे असं मी लिहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझं स्वतःचं मतही पक्कं नाही. माझी तक्रार एवढीच की तुम्ही आत्ता जे बोललात ते आमच्या सभेत बोलायलाच कोणी नव्हतं. ना बाजूनं, ना विरोधात. वस्तीवरची ताई, तुम्हाला सावकाश उत्तर देतो. घाईनं दिलं तर चुकेल.

तिसरा_मजला:
मुंबईतून लिहितो. तुमच्याकडे ओस का होईना, सभा आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि नगरसेवकच उरले नाहीत, सगळा कारभार प्रशासकाकडे. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं आणि मतदान झालं ते 15 जानेवारी 2026 ला. जवळपास चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. या काळात आमच्या सोसायटीत कितीदा मोर्चा निघाला? एकदाही नाही. रस्ता खणला की ॲपवर तक्रार टाकायची आणि वाट बघायची, एवढंच राहिलं होतं. मला भीती याची वाटते की लोकांना तेच सोयीचं वाटू लागलं. 'नगरसेवक नव्हते तेच बरं होतं' असं शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद 2009 मध्ये कायद्यात आली. माझ्या प्रभागात भरलेली एकही मी पाहिलेली नाही.

दोन_टर्म:
मी महिला राखीव जागेवर 2012 ला सरपंच झाले, नंतर एकदा सदस्य होते. पहिली दोन वर्षं मालक खुर्चीत आणि मी सहीला, हे मोकळेपणानं सांगते, कारण त्यातून बाहेर कशी आले ते सांगायचंय.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची, शिपाई घरोघरी रजिस्टर फिरवायचा. एका वर्षी मी ठरवलं, खरंच घ्यायची. वेळ ठेवली रात्री साडेआठची, भाकऱ्या झाल्यावर. जागा शाळेची पडवी. पहिल्यांदा 14 बाया आल्या. विषय एकच निघाला, दारूचं दुकान. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करण्यासाठी, मतदान मागितलं. त्यात आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आम्ही हरलो, कारण मतदान ठेवलं डिसेंबरात आणि वस्तीवरच्या बाया ऊसतोडीला गेलेल्या. यादीत नाव, माणूस फडात. पुढच्या खेपेला ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्यावर मतदान लावून घेतलं. बाटली आडवी झाली.

म्हणून कोरडवाहूदादा, तुमची खुरपणी मला मान्य आहे. पण मग वेळ बदला म्हणून भांडा. सभेत काही होत नाही असं म्हणू नका. आणि पायवाटदादा, लोक येत नाहीत असं म्हणण्याआधी सभा कोणाच्या सोयीनं ठेवली होती ते बघा.

कडुनिंब:
मेंढा-लेखाचा कोणी उल्लेख कसा केला नाही? गडचिरोलीतलं एवढंसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांची सहमती झाल्यावर. 2009 ला सामूहिक वनहक्क मिळवले, 2011 ला बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेनं स्वतःच्या हातात घेतले. आधी अभ्यास मंडळात बसून महिनोन् महिने समजून घ्यायचं आणि मग ठरवायचं, ही त्यांची रीत. मनात आणलं तर होतं.

कोरडवाहू:
मेंढ्याबद्दल आदर आहे, तिथं एकदा जाऊनही आलोय. पण त्यांच्या हातात बांबू होता, पाठीशी वनहक्क कायदा होता, आणि गाव एका समाजाचं, गोंडांचं. आमच्या गावात एकाची 40 एकर बागायत आणि दुसऱ्याची दीड एकर मुरमाड. या दोघांची सहमती म्हणजे दीड एकरवाल्यानं मान डोलावणं. वस्तीवरच्या ताईंनी लिहिलं ते हेच. दोन_टर्म ताईंचं मात्र मानलं. वेळेसाठी भांडायचं मला सुचलं नव्हतं.

वस्तीवरची:
दोन_टर्म ताई, तुमची साडेआठची वेळ आणि फडातल्या बाया वाचून बरं वाटलं. पायवाटकाका, तुमच्या उत्तराची वाट बघते. एक करा. उत्तर लिहिण्याआधी तुमच्या गावात आमच्यासारखी जी वस्ती असेल तिथं जाऊन या. त्या सभेला त्यांच्यातलं कोण होतं ते विचारा.

पायवाट:
ताई, परवा संध्याकाळी गेलो होतो. पाच वर्षं गावात राहून मी त्या वस्तीत लग्नाच्या जेवणाव्यतिरिक्त गेलेलो नव्हतो, हे आधी कबूल करतो.

37 मध्ये तिथले दोघे होते, दोघेही पंचायतीचे कामगार. तहकूब सभेच्या 11 मध्ये कोणी नव्हतं. सभेची दवंडी वेशीपर्यंत गेली, ओढ्यापलीकडे गेली नाही. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर होती. व्हॉट्सॲपचं विचारलं तर एक पोरगा म्हणाला, "काका, आम्ही दोन्ही ग्रुपात नाही. पहिल्यातही नव्हतो." मी या धाग्याची सुरुवातच गावाचा एक ग्रुप होता अशी केली होती.

गायरानाचा ठराव झालाय हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं. वस्तीतल्या बावीस घरांच्या शेळ्या तिथंच चरतात. एका आजीनं विचारलं, कुंपण कुठून कुठे घालणार? मला सांगता आलं नाही. दिवसा विजेचं मी सांगितलं, रात्रीचं_पाणी यांच्या चुलत्यांचंही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं, पण आमच्यातल्या कोणाकडे मोटार नाही."

काल सरपंच आणि भाऊसाहेबांना अर्ज दिला. विशेष ग्रामसभा घ्या, वेळ रात्री आठ, जागा वस्तीतलं समाजमंदिर, आणि प्रकल्पाचा नकाशा आठवडाभर आधी तिथल्या भिंतीवर लावा. अर्जावर 64 सह्या आहेत, त्यातल्या 41 वस्तीतल्या. दोन्ही ग्रुपवर अर्जाचा फोटो टाकला. एका ग्रुपवर विचारणा झाली की हे कोणत्या गटाचं काम. दुसऱ्यावर अजून कोणी काही लिहिलेलं नाही. भाऊसाहेब म्हणाले, समाजमंदिराचं वीजबिल थकलंय, मीटर काढून नेलाय.

दोन_टर्म:
पडवीत आम्हीही गॅसबत्ती लावूनच बसलो होतो. तारीख ठरली की कळवा. आणि ऊसतोडीचं विसरू नका, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतील. सभा त्याआधी लावून घ्या.