मालकांचं पत्र आलं की तुमच्या पोटात काय होतं? (अनुभव धागा)

डावा_विंगर (पुणे)

परवा जेवताना बायकोने विचारलं, "कोण गेलं?" मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो आणि चेहरा बहुधा तसाच झाला असावा. कुणी गेलं नव्हतं. माझ्या आवडत्या फुटबॉल क्लबच्या मालकांनी चाहत्यांना दीड पानी पत्र लिहिलं होतं. वाईट म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं, म्हणूनच पोटात गोळा आला.

या बाबतीत पुणेकराचं कातडं तसंही पातळ. पुणे एफसी २००७ साली आली, २०१५ला गेली. भारत एफसी एका मोसमात आटोपली. डीएसके शिवाजियन्स आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये दोन मोसम दिसली. एफसी पुणे सिटी २०१४ला आली आणि २०१९ला तिची जागा हैदराबादने घेतली. माझ्याकडे चार जर्स्या आहेत, त्यातली एक सध्या बाल्कनी पुसायला आहे.

तर लिहा. मालकांचं पत्र, मुलाखत, घोषणा ऐकून तुमचा विश्वास कधी उडाला? की कधी बसला? क्लब जगातला कुठलाही चालेल. शिव्या नकोत. तिकिटाच्या पैशांची वगैरे स्वतःची भांडणं असतील तर क्लबचं नाव न घेता मांडा, उगाच कुणाला नोटीस यायला नको.

इवूडचा_शेजारी (ब्लॅकबर्न)

धागाकर्ते, तुमचं कातडं पातळ असेल, माझं सोललेलं आहे. मी पुण्याचा आणि २०१४पासून ब्लॅकबर्नला राहतो. पहिल्याच आठवड्यात न्हाव्याने विचारलं, भारतात कुठला? पुणे म्हटल्यावर कात्री थांबली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब आपल्या पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजचा आहे. नोव्हेंबर २०१०मध्ये त्यांनी घेतला तेव्हा संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये होता. महिनाही झाला नसेल, मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला नारळ मिळाला. मे २०१२मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली आणि त्याच रात्री संघ खालच्या लीगमध्ये गेला. २०१७मध्ये आणखी एक पायरी खाली. हाच संघ १९९५ला प्रीमियर लीग जिंकला होता, जॅक वॉकर या ब्लॅकबर्नच्याच पोलादवाल्याच्या पैशांवर. त्याचा पुतळा मैदानाबाहेर आहे. त्यामुळे तुलना रोजच होते.

इथल्या लोकांची तक्रार मुळात पैशांची नाहीच. मालक वर्षानुवर्षं क्लबचा तोटा भरत आलेत, हे कट्टर विरोधकही मान्य करतो. तक्रार आहे मौनाची. मालक दिसत नाहीत, बोलत नाहीत, आणि मधली माणसं जे बोलतात ते मालकांचं की त्यांचं स्वतःचं, हे कळत नाही. म्हणून मग मला विचारतात. शेजारच्या घरातल्या निवृत्त बसचालकाने एकदा फार गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडे माणूस गप्प बसला तर त्याचा अर्थ काय होतो?" मी म्हटलं, घरातला मोठा माणूस गप्प बसला की आम्ही 'नाही' समजतो. हे त्याने पबमध्ये सांगितलं असणार, कारण शनिवारी तिघांनी येऊन खात्री करून घेतली.

पुढे भारतातून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागायला लागली तेव्हा तर माझा भाव वधारला. सुनावणी नुसती पुढे गेली, निकाल नाही, हे त्या बसचालक शेजाऱ्याला पटेचना. यात नक्की काहीतरी शिजतंय म्हणाला. मी म्हटलं, नाही हो, आमच्या आजोबांच्या जमिनीची केस १९८७पासून अशीच चालू आहे. तेव्हापासून तो माझ्याकडे जरा सहानुभूतीने बघतो.

काळापांढरा (डोंबिवली)

न्यूकॅसल. माझा विश्वास ज्या दिवशी उडाला त्याची लेखी नोंद आहे, चक्क लवादाच्या निकालात.

माइक अ‍ॅशली मालक, केविन कीगन मॅनेजर. क्लब जाहीरपणे सांगत होता की कुठला खेळाडू घ्यायचा यात अंतिम शब्द कीगनचाच. सप्टेंबर २००८मध्ये कीगन सोडून गेला. कारण काय, तर इग्नासिओ गोन्झालेस नावाचा खेळाडू त्याच्या गळ्यात मारला होता. कीगनने त्याला कधी खेळताना पाहिलंही नव्हतं, तर यूट्यूबवर बघून घे असं सांगण्यात आलं. आम्ही चाहते आपापसात भांडत बसलो. मी स्वतः कीगनलाच आतताई म्हणत होतो, एका मित्राशी यावरून सहा महिने अबोला होता. ऑक्टोबर २००९ला निकाल आला. अंतिम शब्द कीगनचा असल्याची विधानं निव्वळ जनसंपर्कासाठी होती, असं क्लबच्याच लोकांनी लवादापुढे मान्य केलेलं होतं. कीगनला २० लाख पौंड मिळाले. मी मित्राला फोन केला.

अ‍ॅशली त्यानंतर आणखी बारा वर्षं मालक होता. तो "आज पाऊस आहे" म्हणाला असता तरी मी खिडकीतून हात बाहेर काढून बघितला असता.

लाल_परळ

मँचेस्टर युनायटेडवाल्यांचा वेगळाच त्रास: आम्हाला अविश्वास ठेवायलाही काही मिळायचं नाही. ग्लेझर कुटुंबाने २००५ला क्लब घेतला, तो घेण्यासाठी काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं, आणि मग जवळजवळ चिडीचूप. एप्रिल २०२१मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या सुपर लीगचा डाव दोन दिवसांत कोसळला तेव्हा जोएल ग्लेझरचं माफीपत्र आलं. मी ते मोठ्याने वाचत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, हे कोण?" जन्मल्यापासून घरात युनायटेडची चादर आहे!

अ‍ॅनफील्डवारी (नाशिक)

माझा अनुभव जरा उलटा आहे, आणि थोडा लाजिरवाणाही.

६ फेब्रुवारी २०१६. भाऊ तिकडे शिकत होता, त्याने कुठून तरी दोन तिकिटं मिळवली. आयुष्यातली पहिली आणि आजवरची एकमेव वारी. अ‍ॅनफील्डवर आमच्या लिव्हरपूलचा सामना संडरलंडशी. मालकांनी नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरवलं होतं, म्हणून ७७व्या मिनिटाला उठून बाहेर जायचं असं चाहत्यांनी ठरवलेलं. आम्ही २-० पुढे होतो. मिनिट झालं आणि आजूबाजूच्या खुर्च्या खटाखट मिटायला लागल्या. हजारो लोक उठले. माझ्या शेजारचे आजोबा उठले, कोटाची बटणं लावली आणि माझ्याकडे बघून थांबले. मी उठले नाही. नाशिकहून इतक्या लांब आले होते, परत कधी येणार? भाऊ उठला. मी बसून राहिले आणि संडरलंडने दोन गोल मारले. २-२. जणू मलाच शिक्षा.

चार दिवसांनी मालकांचं पत्र आलं. माफी होती आणि ७७ पौंडांचं तिकीट रद्द केल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. त्या पत्रावर माझा विश्वास बसला, कारण त्यात आकडा होता. भाऊ मात्र अजून म्हणतो, विश्वास कसला, ज्यांच्यामुळे तो आकडा आला त्यांच्यात तू नव्हतीस.

काळापांढरा

ताई, अनुभव फार आवडला, पण आकड्यावर भाळू नका. तुमच्याच क्लबचे आधीचे मालक, हिक्स आणि गिलेट. फेब्रुवारी २००७मध्ये गिलेटने सांगितलं होतं, ६० दिवसांत नव्या स्टेडियमसाठी कुदळ पडली पाहिजे. आकडा होता की! २०१०च्या ऑक्टोबरात ते क्लब गमावून गेले, कुदळ काही पडली नाही.

अ‍ॅनफील्डवारी

🙏 ते मी सोयीस्करपणे विसरले होते.

पडद्यामागचा

इतकी वर्षं वाचनमात्र होतो, या धाग्याने बाहेर काढलं. मी अशी पत्रं लिहायचो. क्लब विचारू नका, देशही विचारू नका.

पहिला मसुदा खरा असतो. हरल्यावर आम्ही दोघं-तिघं खरंच चिडलेले असायचो. आमच्यातला एकजण तर लहानपणापासून त्याच स्टँडमध्ये बसलेला. पहिल्या मसुद्यात "आम्ही चुकलो" असायचं. तो वकिलाकडे जायचा. "चुकलो" म्हणजे उद्या अंगाशी येईल, म्हणून "काही गोष्टी अपेक्षेप्रमाणे घडल्या नाहीत". मग प्रायोजक सांभाळणाऱ्या बाई "पराभव" खोडायच्या, तिथे "आव्हानात्मक मोसम". मग तारखा जायच्या, कारण दिलेली तारीख पाळावी लागते. सगळ्यात शेवटी मालक. ते एकच वाक्य घालायचे: चाहते हा या क्लबचा प्राण आहे. दर वेळी तेच. एकदा मी ते आधीच घालून पाठवलं, तर त्यांनी दुसऱ्यांदा घातलं आणि पत्र तसंच गेलं. दोन प्राण असलेलं पत्र. चाहत्यांनी वर्षभर चेष्टा केली.

नको असलेली बातमी शुक्रवारी संध्याकाळी सोडायची. शनिवार-रविवारी सामना असतो, सोमवारपर्यंत लोक गोलांबद्दल बोलत असतात. "परस्पर संमतीने" म्हणजे काढलं, फक्त भरपाई किती यावर दोघांचं जमलं. "प्रशिक्षकांवर पूर्ण विश्वास आहे" हे आम्ही कधीच आपणहून लिहीत नसू. ते लिहावं लागलं म्हणजे आत बोलणी सुरू झालेली असत.

मालक खोटारडे होते असं मला आजही वाटत नाही. दर महिन्याला आपण चाहत्यांशी बोलतो, असं त्यांना मनापासून वाटायचं.

गंगेकाठची_गोदा (हावडा)

माझं माहेर पैठण, सासर मोहन बागान. सासरी क्लब जिंकला की चिंगडी (कोळंबी) आणि हरला की चूल थंड, इतकं साधं.

२०२०मध्ये एटीके या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) कोलकात्याच्या क्लबशी विलीनीकरण झालं आणि १८८९ सालच्या क्लबच्या नावापुढे तीन अक्षरं येऊन बसली. हिरवा-मरून रंग कायम राहिला, ठीक. पण सासरे ते नाव उच्चारत नसत. समालोचक "एटीके" म्हणाला की रिमोटने आवाज बंद, "मोहन बागान"ला पुन्हा चालू. अख्खा सामना असा! चाहत्यांची ती तीन अक्षरं काढण्यासाठीची मोहीम तीन वर्षं चालली. दर काही महिन्यांनी काहीतरी आश्वासक बातमी यायची आणि सासरे म्हणायचे, "देखा जाबे", म्हणजे बघू.

१८ मार्च २०२३. गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलचा अंतिम सामना, बेंगळुरूविरुद्ध २-२, पेनल्टीवर जिंकलो. तिथेच मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं की पुढच्या मोसमापासून एटीके जाणार. सासरे रडले. आईंना उठवून सांगितलं. मग त्यांना उरलेलं वाक्य ऐकू आलं: मोहन बागान सुपर जायंट्स. पाच मिनिटं शांतता. "हे सुपर जायंट्स कोण?"

पुणेकरांनो, तुम्हाला तरी आठवत असेल. त्याच उद्योगसमूहाची आयपीएल टीम २०१६ला रायझिंग पुणे सुपरजायंट्स होती, पुढच्या वर्षी शेवटचा 'स' गळाला. आमचाही गळालाच.

डावा_विंगर

गोदाताई, 😂 तो 'स' आम्ही विसरलेलो नाही.

रांग_एफ_खुर्ची_१२

क्लबचं नाव घेत नाही. मालकांनी पत्रकार परिषदेत "दहा वर्षांचा आराखडा" सांगितला. त्या भरवशावर मी मोसमाची दोन तिकिटं काढली, माझं आणि मुलाचं. पुढच्या मोसमाआधी क्लबच नव्हता. उरलेल्या सवलतीच्या पैशांसाठी मेल केला, तो परत आला: असा पत्ता अस्तित्वात नाही. पैसे किरकोळ होते. पण मुलाला सांगताना मीच मालकांसारखा बोलायला लागलो, "सध्या काही अडचणी आहेत, बघू." तो म्हणाला, "म्हणजे बंद झाला ना?"

फोंडेकर

आमच्याकडे २०१६ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली. कारण उघड सांगितलं: आयएसएल वर आणि आय-लीग खाली, हा आराखडा मान्य नाही. धेंपो म्हणजे पाच वेळचा राष्ट्रीय विजेता, चेष्टा नव्हे. मालक जे बोलले तेच त्यांनी केलं, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. फक्त मोठे सामने गेले. त्यामुळे मालक खरं बोलला की सगळं भागतं, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो.

पेठेतला_गोली (कोल्हापूर)

आमच्यात मालकच न्हाई, तर पत्र कुठनं येणार. तालमीचा संघ. पोरं पेठेतली, वर्गणी पेठेतली, शाहू स्टेडियमवर शिव्याबी पेठेतल्याच.

पण म्हणून खोटं बोलत न्हाईत असं समजू नका. एका हंगामात आमच्या कार्यकर्त्यानं सांगितलं, बाहेरचा स्ट्रायकर येतोय, बुधवारी हजर. बुधवार गेला. गुरुवारी म्हणाला रेल्वेत हाय. शुक्रवारी म्हणाला मिरजेत हाय. शनिवारी मॅच, स्ट्रायकर न्हाई, दोन गोलनं हरलो. रविवारी सकाळी मिसळीच्या गाडीवर आम्ही सात-आठजण उभे, आणि हा तिथंच आला. त्याला दुसरीकडं जायची सोयच नव्हती, दूध त्याच गल्लीतनं आणायचं. पाव मोडत म्हणाला, "पैसं जमलं न्हाईत, आणि तुमच्यापुढं बोलायचं धाडस झालं न्हाई." कुणी काय बोललं न्हाई. एकानं कट वाढून घेतला. पुढच्या मॅचला आम्ही सगळे परत तिथंच.

त्याला आजबी "मिरज" म्हणूनच हाक मारत्यात.

इवूडचा_शेजारी

गोलीभाऊ, हे उद्या शेजाऱ्याला सांगतो. त्याला मिरज नकाशावर दाखवावी लागेल.

डावा_विंगर

सगळ्यांचे आभार, धागा जपून ठेवतोय. एक ताजी भर: ज्या पत्रामुळे हा धागा काढला, त्या क्लबचा मॅनेजर थोड्या वेळापूर्वी गेला. परस्पर संमतीने.

पडद्यामागचा

आज वार कुठला?

डावा_विंगर

शुक्रवार.