काल रात्री कॅमेरे बंद का पडले?

सचिव: काल रात्री गेट आणि पार्किंगचे कॅमेरे जवळपास तासभर दिसत नव्हते. बी-४०२, नेटवर्कचं काम तुम्ही बघता, काय झालं ते सगळ्यांना सांगाल का?

बी-४०२: सांगतो. चूक माझ्या हातून झाली. कॅमेऱ्यांसाठी वेगळा व्हीलॅन ३० (त्याच वायरिंगवरचं वेगळं नेटवर्क) करत होतो, घरी बसूनच, पार्किंगच्या स्विचवर (कॅमेऱ्यांच्या वायरी जोडलेला डबा) एसएसएचने, म्हणजे लांबून सुरक्षितपणे, लॉगिन करून. ट्रंक पोर्टच्या, म्हणजे सगळे व्हीलॅन ऑफिसकडे नेणाऱ्या जोडणीच्या, यादीत ३० वाढवायचा होता, पण कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द राहिला. आपल्या स्विचवर 'ॲड' नसेल तर जुनी यादी पुसली जाते आणि एकटा ३० उरतो. स्विचचा स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि कॅमेरे दोन्ही व्हीलॅन १० वर, आणि तोच यादीतून गेला. एंटर दाबलं आणि स्क्रीन तिथेच गोठली. कॅमेऱ्यांना वीज मिळत होती, पण चित्र ऑफिसमधल्या रेकॉर्डरपर्यंत पोचत नव्हतं.

ए-२०१: मग सुरू कसे झाले?

बी-४०२: काकू, खाली जाऊन स्विचची वीज काढून परत लावली. केलेला बदल चालू मेमरीत असतो, सेव्ह करेपर्यंत कायम होत नाही. मी सेव्ह केलं नव्हतं म्हणून जुनी सेटिंग परत आली. वेळ गेला तो स्विच ज्या डक्टमध्ये आहे त्याच्या कुलपाची किल्ली शोधण्यात.

सी-१०३: दादा, ट्रंक किंवा स्विचच्या स्वतःच्या आयपीला लांबून हात लावायचा असेल तर आधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवा. कनेक्शन तुटलं तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो. सगळं नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल', आणि मगच सेव्ह. आमच्या ऑफिसात याशिवाय कोणी हात लावत नाही. फक्त सगळं तपासून होईपर्यंत अर्धवट बदल सेव्ह करू नका, नाहीतर रीस्टार्ट होऊनही उपयोग नाही.

बी-४०२: अगदी बरोबर. आपला स्विच ही कमांड घेतो, पुढच्या वेळी हेच करणार.

डी-३०४: मी बरेचदा बाहेरगावी असतो. इंटरनेटवरून आत यायला राउटरवर एक पोर्ट उघडून दिला तर मीही स्विचमध्ये शिरून मदत करू शकेन.

सी-१०३: काका, तुमची मदत हवीच आहे, पण पोर्ट उघडायला माझा ठाम विरोध आहे. इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. राउटरवर व्हीपीएन (फक्त आपल्या लोकांसाठी सुरक्षित वाट) घेऊ, तुम्ही त्यातून आत या. आणि टेलनेट (लांबून लॉगिनची जुनी पद्धत) चालू असेल तर आजच बंद करा. पोर्ट २३ वरून पासवर्ड जसाच्या तसा उघडा जातो, मधे बसलेल्या कोणालाही वाचता येतो. एसएसएच पोर्ट २२ वर चालतं आणि सगळं एन्क्रिप्ट करतं, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही.

बी-४०२: टेलनेट आत्ताच बंद केलं. एसएनएमपीची (स्विचवर लांबून लक्ष ठेवायची सोय) कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एक प्रकारचा पासवर्ड, अजून 'पब्लिक'च होती, तीही काढली. त्याच्या जास्त सुरक्षित व्हर्जन ३ वर नंतर जाऊ.

ए-२०१: आणि हे सगळं फक्त तुम्हालाच माहीत असेल तर? तुम्ही नसताना काय करायचं?

बी-४०२: काकू, हा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. कॉन्फिगची, म्हणजे स्विचच्या सेटिंगची, प्रत आज ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवतो. कुठल्या पोर्टला कुठला कॅमेरा, त्याची चिठ्ठी स्विचवर चिकटवतो. कॉम्प्युटर थेट स्विचला जोडायची कन्सोल केबलही शेजारी ठेवतो, तिचा वेग ९६०० बॉड. आयपी हरवला तरी तिच्यावरून आत जाता येतं.

सचिव: डक्टची दुसरी किल्ली करून गेटवर ठेवतो. व्हीलॅनचं काम रविवारी दुपारी करा, सी-१०३ यांना सोबत घेऊन.

सी-१०३: येतो. एकजण स्विचपाशी उभा राहील.