मदत हवी आहे: पाळी गेल्यापासून पोट सुटलंय, रोज चालूनही काही फरक नाही

शेवंती_नाशिक:
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. पाळी बंद झाली तेव्हापासून वजन चढतंय ते चढतंयच आणि सगळं जाऊन बसतंय पोटावर. हातपाय उलट काटकुळे झाल्यासारखे वाटतात पण कुर्ते पोटाशी तटतटतात. रोज सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालते, पाऊस असला तरी जाते. खाणं अगदी कमी, गोड तर बंदच आहे. डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे. कुणी खात्रीचा उपाय सांगेल का? कृपया 'कमी खा नि चाला' सांगू नये, ते करून झालंय.

पळस:
वय? उंची? वजन किती होतं नि आता किती? गोळ्या कुठल्या चालू आहेत? यातलं काहीच न सांगता खात्रीचा उपाय कसा देणार?

दादरची_मावशी:
अगं एवढं काय विचारायचं त्यात. दीक्षित सरांचं डाएट सुरू कर. दिवसातून दोनदाच जेवायचं, एका वेळचं जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही म्हणजे काही तोंडात टाकायचं नाही, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. माझं भरपूर उतरलं, शुगर पण सुधारली. पैसा लागत नाही.

तूपभात:
आले दीक्षित! मावशी, सगळ्यांना नाही झेपत ते. मला दुपारी चारला डोकं धरायचं. मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांना फॉलो करते, थोडं थोडं दर दोन तासांनी, घरचं, तूप-भात न सोडता. पित्त गेलं, झोप लागते.

दादरची_मावशी:
पित्त गेलं, पण वजन? त्याबद्दल काही बोलली नाहीस.

तूपभात:
वजन म्हणजे सगळं नसतं मावशी.

पळस:
इथे तिने वजनाचंच विचारलंय. आमच्या माहेरच्या ग्रुपवर यावरून दोन चुलतबहिणींनी एकमेकींना ब्लॉक केलंय, इथे नको.

कोथरूडकर:
आमच्या हिच्यासाठी धागा वाचतोय. आम्ही ट्रेडमिल घेतली होती, हल्ली तिच्यावर टॉवेल वाळतात. कंडिशन उत्तम. कुणाला हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेवंती_नाशिक:
वय ५२, उंची ५ फूट १, वजन ६८, आधी ६१ होतं. गोळी फक्त थायरॉइडची, ती तर कित्येक वर्षं आहे, तिचा इथे काय संबंध? आणि मला पद्धतींची भांडणं नकोत, उपाय हवाय.

पळस:
संबंध आहे म्हणून तर विचारतेय. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? गोळी कधी आणि कशाबरोबर घेता?

शेवंती_नाशिक:
मागच्या वर्षी गणपतीच्या आधी केली असेल. गोळी उठल्या उठल्या चहाबरोबर घेते आणि कॅल्शियमची पण तेव्हाच उरकून टाकते म्हणजे दिवसभर लक्षात ठेवायला नको.

औषधवाला_सांगली:
माझं मेडिकल आहे, काउंटरवर हे रोज ऐकतो. ताई, थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्या. डोस मात्र स्वतः वाढवू-कमी करू नका, पद्धत बदलताय ते डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, कारण आता गोळी पूर्ण लागू पडली तर आहे तो डोस जास्त पण होऊ शकतो. तरी एक सांगतो, सातच्या सात किलो थायरॉइडच्या नावावर मांडू नका. त्याने वाढतं ते बहुतेकदा दोन-चार किलो, त्यातही बरंच पाणी असतं.

मोगरा६०:
रात्री मेथ्या भिजत घालून सकाळी ते पाणी प्या, पोट सपाट. आणि माझे गुडघे जिना उतरताना दुखतात, त्यावर कुणाला काही माहीत आहे का?

आगाऊ_फिजिओ:
शेवंतीताई, तुम्ही जे सहज लिहून गेलात ना, हातपाय काटकुळे झाले, खरी गोष्ट तिथे आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की जी चरबी आधी मांड्यांवर नि कमरेखाली बसायची ती पोटात, आतड्यांभोवती बसायला लागते, आणि त्याच वयात स्नायू उतरत असतात. त्यामुळे काटा सात किलो दाखवतो, पण चरबी त्याहून जास्त वाढलेली असू शकते. 'मेटाबॉलिझम बसला' असं सगळे म्हणतात, पण २०२१ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत मोठा अभ्यास आला होता, त्यात शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला तर वीस ते साठ या वयात तो जवळपास स्थिर निघाला. कमी होतात ते स्नायू आणि दिवसभराची हालचाल.
चालणं सोडू नका, पण नुसत्या चालण्याने स्नायू परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि त्यासोबत दोन दिवस ताकदीचा, हा दुसरा भाग आपल्या बायका साफ विसरतात. खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुश-अप, पाठीला सरळ ठेवून वजन उचलणं. शेवटची दोन-तीन उठबस करताना कष्ट पडले पाहिजेत, नाहीतर तो व्यायाम नाही, टाइमपास.
आता काल काय काय खाल्लंत ते खरं लिहा. ओट्यापाशी उभ्याने खाल्लेलं पण धरायचं.

शेवंती_नाशिक:
सकाळी चहा-खारी. मग पोहे. दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा वरण-भात. कोशिंबिरीत कूट. नात अर्धी पोळी तूप-गूळ टाकून उठली, ती टाकवत नाही हो. चारला चहा, सहाला हे आले की परत चहा. रात्री भाकरी-पिठलं. गुरुवारी उपास असतो, तेव्हा फक्त साबुदाण्याची खिचडी. चहाची साखर गोडात धरतात का?

पळस:
😀 किती चमचे?

शेवंती_नाशिक:
दोन. आणि झोपताना अर्धा कप घेते कधीकधी.

आगाऊ_फिजिओ:
चार चहा धरले तर आठ चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. नातीची पोळी वेगळीच. आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यावर कूट नि तेल, एक टेबलस्पून तेलातच १२० कॅलरी असतात. उपासाच्या दिवशी तुम्ही जास्त खाताय.
उलट बाजूने बघितलं तर प्रोटीन कुठे आहे? हैदराबादच्या एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) हिशोबाने वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५५ ग्रॅमच्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅम मिळतात. अंडं चालत असेल तर एकात सहा. नाहीतर मोड आलेली मटकी, घट्ट डाळ, घरचं पनीर, दही, हे प्रत्येक जेवणात दिसलं पाहिजे. गुरुवारी खिचडीऐवजी दही-राजगिरा बघा.

दादरची_मावशी:
म्हणजे मधलं खाणं बंद करा! मी पहिल्यापासून दुसरं काय सांगत होते?

आगाऊ_फिजिओ:
मावशी, इथे तुम्ही बरोबर आहात, मधलं थांबलं तर यांचं निम्मं काम होईल. माझी अडचण एवढीच की दोनच जेवणांत ५५ ग्रॅम प्रोटीन बसवणं शाकाहारी माणसाला जड जातं. जमलं तर करा.

तूपभात:
नातीच्या पोळीवरचं तूप वाईट नाही, एवढंच म्हणते.

अनामिका_सोलापूर:
मधेच विचारते, माझी पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि मागच्या आठवड्यात परत डाग दिसले. पाळी परत आली तर वजन उतरेल का?

पळस:
अनामिका, ती पाळी नव्हे. वर्षभर पूर्ण बंद राहून नंतर एक थेंब जरी दिसला तरी गायनॅककडे जायचं, आणि याच आठवड्यात. बऱ्याचदा कारण साधं निघतं पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची तपासणी व्हायलाच हवी. वजनाचं नंतर बघू.

अनामिका_सोलापूर:
बरं. उद्या नंबर लावते.

शेवंती_नाशिक:
गोळ्या आजपासून वेगळ्या केल्या, दवाखान्यात फोन पण केला. आता डिसेंबरपर्यंत किती उतरेल ते सांगा, ब्लाउज शिवायला टाकायचेत.

आगाऊ_फिजिओ:
महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी उत्तम, त्याहून घाई केलीत तर आधी स्नायूच जातील. काट्यापेक्षा टेप वापरा, भारतीय बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. आणि ब्लाउजला आत माया ठेवायला सांगा.

मोगरा६०:
माझ्या गुडघ्याचं?

आगाऊ_फिजिओ:
सूज आहे का? पडला होतात का? रात्री पण दुखतो का? एक्स-रे केलाय?

मोगरा६०:
नाही केला. मेथ्यांनी बरं वाटतं.

शेवंती_नाशिक:
डंबेल किती किलोचे घेऊ?

कोथरूडकर:
दोन-दोन किलोची जोडी आहे आमच्याकडे. ट्रेडमिल घेतलीत तर फुकट देईन.

शेवंती_नाशिक:
नुसते डंबेल कितीला द्याल?