मदत हवी आहे: पाण्याला भ्यालेल्या राखणीच्या कुत्र्याला ओढा ओलांडायला कसं शिकवावं?

रानमळा

नमस्कार मंडळी. असा धागा आधी येऊन गेला असेल तर कृपया लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, माणिकडोह धरणाच्या फुगवट्याजवळ. माझ्याकडे ३८ शेळ्या आणि राखणीला एक कुत्रा आहे. आई करवानी (सडपातळ शिकारी जात), बाप गावातलाच कुणीतरी. वय अडीच वर्षं, वजन २४ किलो. नाव खंडोबावरून खंड्या ठेवलं. आता गावातली पोरं हसतात, कारण खंड्या पक्षी पाण्यात सूर मारतो आणि आमचा खंड्या बादली दिसली तरी गोठ्यामागे पळतो.

आमच्याकडे बिबट्याचा वावर आहे, हे जुन्नर म्हटल्यावर सांगायला नको. राखण म्हणजे बिबट्याशी झुंज नव्हे, तसं कुठल्याच कुत्र्याने करू नये. वास लागला की खंड्या भुंकून रान डोक्यावर घेतो, शेळ्या एकत्र येतात आणि मला काठी घेऊन पोचायला वेळ मिळतो. काम एवढंच, पण तो नसेल तर मी शेळ्या पलीकडे नेत नाही.

अडचण या ‘पलीकडे’चीच आहे. चराईचं रान ओढ्याच्या त्या बाजूला. आत्ता चैत्रात ओढ्याला टाचभर पाणी आहे. आषाढात गुडघ्यापर्यंत येतं, मधल्या डोहात कमरेएवढं. धोधो पडला तर आम्ही कुणीच जात नाही, त्या दिवसांबद्दल विचारत नाहीये. एरवी शेळ्या कुरकुरत का होईना, दगडांवरून उड्या मारत जातात. खंड्या अलीकडे बसून रडतो. गेल्या पावसाळ्यात मी त्याला रोज दोनदा खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला आहे.

आता चूक कुणाची ते सांगतो. माझीच. मी स्वतः विहिरीत शिकलो. चुलत्याने पाठीला सुका भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. दोन-चार गटांगळ्या खाल्ल्या, आठवड्याने भोपळा सुटला. कुत्र्याला तर पोहणं उपजतच येतं असं ऐकून होतो. गेल्या मे महिन्यात त्यालाही तसाच ढकलला. तो पोहला, नाही असं नाही. पण पोहत समोरच्या भिंतीला गेला आणि दगडांवर नखं ओरबाडत राहिला. मी उडी मारून त्याला बाहेर काढेपर्यंत दोन नखांतून रक्त येत होतं, माझ्या छातीवर अजून वण आहेत. त्या दिवसापासून टाचभर पाण्यातही पाय घालत नाही. अंघोळसुद्धा ओल्या फडक्याने पुसून.

बिस्किटं दाखवून झाली, ओढून झालं (ओढल्यावर जास्तच बिथरला, मग सोडून दिलं). पाऊस यायला अजून अडीच महिने आहेत. भीती मोडते का? किती दिवस लागतात? कुत्र्यांसाठी मिळतं त्या तरंगत्या जॅकेटचा खर्च करावा का? आणि करवानीला पाणी आवडू शकतं, की त्यांच्या जातीतच नसतं?

पांगारा

आम्हीपण डबा बांधूनच शिकलो. त्याला पाच लिटरचा मोकळा कॅन बांधा आणि सोडा परत. एकदा कळलं की बुडत नाही, की भीती जाते.

शिरवळ_दोन

कॅन नको हो! माणूस कॅनला धरून राहू शकतो. कुत्र्याच्या पोटाखाली कॅन सरकला की ते कलंडतं आणि तोंड पाण्यात जातं. आणि ‘सोडा परत’ म्हणजे काय? एकदा सोडलं त्याचंच तर निस्तरतायत ते.

रानमळा, एक सांगा, विहिरीला पायऱ्या होत्या का?

रानमळा

होत्या, पण त्याच्या पाठीमागच्या बाजूला. तो एकदाही वळला नाही. पायऱ्यांवरून आत नेला नव्हता ना, वरून ढकललेला. त्याला त्या माहीतच नसणार. हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

गुरांची_डॉक्टर

तुम्ही स्वतःच उत्तराच्या जवळ आला आहात. खंड्या पाण्याला भ्यालेला नाही, बाहेर पडायला वाट नसण्याला भ्यालेला आहे. त्यामुळे पाण्यात जायचं नंतर, आधी बाहेर यायचं शिकवायचं.

ओढ्यावर अशी एकच जागा निवडा जिथे काठ हळूहळू उतरतो आणि तळाशी वाळू किंवा बारीक गोटे आहेत. फुगवट्याच्या कडेला जाऊ नका, तिथल्या गाळात पाय रुतले की सगळं मुसळ केरात. निवडलेल्या जागी रोज त्याच वेळी जा. पहिले काही दिवस त्याला बोलावूच नका. तुम्ही पाण्यात पाय सोडून बसा, भाकरी तिथेच खा. तो काठावरून बघेल. पंजे ओले केले की शाबासकी, आणि लगेच ‘चल बाहेर’ म्हणून तुम्हीच काठावर या. दहा वेळा आत-बाहेर, तेही टाचभर पाण्यात. त्याला कळू दे की दार उघडं आहे. मग घोट्यापर्यंत, मग कोपरापर्यंत. पोट भिजलं की बहुतेक कुत्री तिथे अडतात, तिथे आठवडा गेला तरी जाऊ द्या. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे, तो कंटाळण्याआधी थांबायचं.

उपजत पोहण्याबद्दल. पाण्यात पडलेलं कुत्रं पाय मारतं हे खरं, पण तेवढ्याने पोहता येत नाही. घाबरलेलं कुत्रं पुढचे पाय पाण्याबाहेर काढून आपटतं, मागचं धड खाली जातं, अंग उभं होतं आणि जागच्या जागी दमतं. करवानीच्या अंगावर चरबी नाही, छाती खोल, पोट खपाटीला. त्याचं मागचं लवकर बुडतं आणि थंडीही लवकर वाजते. लॅब्राडोरचं वेगळं, दाट दुहेरी केस, जाड शेपूट, बोटांमध्ये पडदा. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज. यूट्यूबवर दिसतात ते बहुतेक तेच, त्यांच्याशी तुलना करून खंड्याला नावं ठेवू नका. डोहात नेताना पोटाखालून, मांड्यांच्या जवळ हात घालून मागचं धड वर धरा. पाठ आडवी झाली की पुढचे पाय आपोआप पाण्याखाली चालायला लागतात.

जॅकेट घ्याच, पाठीवर धरायला मूठ असलेलं. गळ्यातला पट्टा आणि साखळी काढून ठेवा, दोरी जॅकेटला लावा. आठ-दहा मीटरची, टोकाला गाठ किंवा फास नसलेली, नाहीतर दगडात अडकते. आणि ओढायची नाही, फक्त हातात असू द्यायची.

लेप्टोची लस दरवर्षी द्या. उंदराच्या मुतातून पाण्यात जाणारा आजार आहे, पावसाळ्यात तुम्हालाही होऊ शकतो, म्हणून पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. साचलेल्या पाण्यावर हिरवट तवंग दिसला तर त्याला तिथे पिऊही देऊ नका.

इद्रोस्कालो

मी मिलानला राहते. इथल्या इद्रोस्कालो तलावावर बचावकार्याच्या कुत्र्यांचा सराव चालतो, रविवारी बघायला जाते. न्यूफाउंडलंड जातीची, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पुढे यांतलीच काही इटलीच्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना ओढून आणतात. मला वाटायचं कुत्र्याला हुकूम दिला की ते उडी मारतं. पण इथे माणूस आणि कुत्रा ही जोडी असते, दोघंही पाण्यात. तुम्ही काठावरून बिस्कीट दाखवत होतात ना? तिथेच गोम असेल. पँट भिजवा.

दुसरं म्हणजे, जवळपास शांत स्वभावाचं, पाण्यात जाणारं एखादं कुत्रं असेल तर सोबत न्या. दंगेखोर नको.

वारणाकाठ

जुन्नरला चालेल, पण हे वाचून आमच्या सांगलीकडचं कुणी कृष्णा-वारणेत कुत्रं घेऊन उतरू नका, मगरी आहेत. चिपळूणला वाशिष्ठीतही आहेत. कॅनॉलमध्ये तर कुठेच नको, काँक्रीटच्या उताराला शेवाळ असतं आणि ओढ दिसत नाही.

हो, आणि शेततळं! पाणी संथ म्हणून सगळ्यांना सोपं वाटतं. त्या प्लास्टिकवर माणसाला चढता येत नाही, कुत्र्याला काय येणार? शिकवायचं असो वा नसो, चारही बाजूंनी दोराला जुने टायर बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. आमच्या शेजाऱ्याची कुत्री रात्री पाणी प्यायला उतरली, सकाळी सापडली.

पांगारा

कॅनचं मागे घेतो. पण चेंडू फेकून आणायला लावलं तर? आमचा टिप्या चेंडूसाठी आगीतही जाईल.

गुरांची_डॉक्टर

खेळवा, पण बेताने. चेंडू तोंडात धरून पोहताना जबडा उघडा राहतो, दर फेरीला पाणी पोटात जातं. फार गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. पोट फुगणं, ओकारी, झोकांड्या दिसल्या तर घरी नेऊन वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना. चपटी, तरंगणारी वस्तू बरी, आणि मध्ये मध्ये विश्रांती. बाकी राखणीच्या कुत्र्याला चेंडूचं काय, त्याला शेळ्या पलीकडे दिसल्या की पुरे.

आणि मूळ प्रश्नातला एक राहिलाच: आवडेल का. करवानीला पाण्यात डुंबायला आवडलं तर मजाच, नाही आवडलं तरी काही बिघडत नाही. तुम्हाला त्याच्याकडून ओढा ओलांडून हवाय.

रानमळा

अठरा दिवस झाले, म्हणून लिहितो. सगळ्यांचे आभार, पांगारा यांचेही.

पहिले चार दिवस मी एकटाच पाण्यात बसलो. बायको म्हणाली, याला काय झालंय. पाचव्या दिवशी भाकरीऐवजी भाजलेले सुके बोंबील नेले, तेव्हा पंजे भिजले. बोंबलासमोर बिस्कीट म्हणजे काहीच नाही, हे नवीन माणसांसाठी लिहून ठेवतो. शेजारच्यांची म्हातारी मोती सोबत येते. ती मध्यभागी जाऊन सरळ पाण्यात बसते आणि हलत नाही. तिचा उपयोग माझ्यापेक्षा जास्त झाला असावा.

पोट भिजायच्या जागी तो सहा दिवस अडला. मध्ये एकदा माझा धीर सुटला, दोरी जराशी ताणली, तर दोन दिवस मागे गेलो. परवा डोहाच्या कडेला पोटाखालून टॉवेल घालून मागचं धड उचललं. आधी टाळ्या वाजवल्यासारखे पाय आपटले, मग चार-पाच हात नीट पोहला आणि ज्या वाळूवरून आत आलो होतो तिथेच वळून बाहेर पडला. स्वतःहून वळला. मग अंग झाडलं, सगळं माझ्या तोंडावर, आणि वेड्यासारखा गोल गोल धावला.

आज सकाळी शेळ्या पलीकडे निघाल्या. मी हाक मारली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. मधल्या दगडापर्यंत पोचलो तेव्हा मागून छपछप ऐकू आली.

ओलांडायच्या जागी पाणी अजून टाचभरच आहे, हे मला माहीत आहे. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की पुन्हा लिहीन. तोवर जॅकेटचं विचारतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर २७ इंच भरतो, पण पोट फारच बारीक आहे. ऑनलाइन वजनावरून साइज दिलीय. काय करू?

शिरवळ_दोन

वजनावर जाऊ नका, छातीच्या मापाने घ्या. करवानीला छातीत बसेल ते पोटावर ढिलं पडणारच. पोटाचा पट्टा गावातल्या शिंप्याकडून आत घेऊन शिवून घ्या, आणि पाण्यात नेण्याआधी दोन दिवस कोरड्यावर घालून शेळ्यांमागे फिरू द्या.